विमा शोधायचा तो निरोगी दिवसांत

पाच लाखांची पॉलिसी आणि तीन लाखांचे बिल. हिशेब सरळ दिसतो, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी घरचे निर्धास्त असतात. मग टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीतून कागद बाहेर येतो आणि त्यावर मंजूर रक्कम असते एक लाख पंच्याऐंशी हजार. उरलेले एक लाख पंधरा हजार भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

हे कसे होते, ते आकड्यांनीच पाहू. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. पेशंटला १०,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली आणि मुक्काम पाच दिवसांचा झाला. भाडे झाले ५०,०००, त्यातले मंजूर २५,०००. इथवर कुणालाही समजते. पण शस्त्रक्रियेचे शुल्क, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी आणि नर्सिंग यांचे १,६०,००० रुपयेही त्याच प्रमाणात कापले जातात. खोली हक्कापेक्षा दुप्पट भाड्याची, म्हणून हा खर्चही निम्माच मान्य होतो. त्याचे मिळतात ८०,०००. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले साहित्य यांना ही कात्री लागत नाही, म्हणून त्यांचे ८०,००० पूर्ण मिळतात. हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क असे किरकोळ दिसणारे १०,००० रुपये पॉलिसीत बसतच नाहीत. खोलीच्या भाड्यात फरक होता २५,००० रुपयांचा; घरातून गेले १,१५,०००.

या कपातीला प्रमाणशीर कपात म्हणतात. ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार बाकीचे दर बदलत नाहीत, तिथे ती लावता येत नाही. नियमाविरुद्ध यात काही घडलेले नसते, अट पॉलिसीत पहिल्या दिवसापासून छापलेली असते. विमा घेताना घरात चर्चा होते ती हप्त्याची आणि विमा रकमेची. रुग्णालयात कामी येतात किंवा नडतात त्या अटी. आणि अटी वाचून, चार पॉलिसी शेजारी ठेवून निवड करण्याची मुभा असते ती फक्त प्रकृती ठणठणीत असताना. मधुमेहाचे निदान झाले, अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला, की निवड करणारी बाजू बदलते. मग कंपनी ठरवते, घ्यायचे की नाही आणि कोणत्या दराने.

मात्र नवी पॉलिसी शोधायला निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. आपल्याला कोणते संरक्षण आधीच लागू आहे, याची घरातल्या घरात नोंद काढावी. महाराष्ट्रात हे काम फार महत्त्वाचे आहे, कारण इथे असंख्य कुटुंबे हक्क असूनही दागिने गहाण टाकून उपचार करतात.

राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि लाभ प्रामुख्याने पिवळ्या व केसरी शिधापत्रिकेवर मिळत असे. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढरे कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही त्यात घेतले होते. २०२३ मध्ये सरकारने मोठा निर्णय घेतला. संरक्षण पाच लाखांवर नेले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून पांढऱ्या कार्डधारकांनाही योजना खुली केली. पांढरे कार्ड असलेल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना याचा पत्ताच नाही. ‘ती योजना गरिबांसाठी’ हा जुना समज अजून जात नाही.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र घेऊन भरती होण्याआधीच त्याच्याकडे जावे. एक खबरदारी घ्यायला हवी. रुग्णालय योजनेत असले तरी तिथला प्रत्येक विभाग योजनेत असेलच असे नाही. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता असलेल्या रुग्णालयात हृदयाचा उपचार योजनेतून होत नाही, असे सर्रास घडते. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: ‘हा उपचार, याच रुग्णालयात, योजनेत बसतो का?’ १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावरही हे विचारता येते.

घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतल्या निकषांवर आधारलेली होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून मात्र ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी आधार कार्डावरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळते. केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस घेणाऱ्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. बँकेच्या पासबुकाइतक्याच काळजीने जपावे असे हे कार्ड आहे, आणि ते आजार येण्यापूर्वी काढून ठेवावे.

कारखान्यात, दुकानात, हॉटेलात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना आहे. १९४८ चा कायदा आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर-दिल्लीत सुरू झालेली योजना, म्हणजे देशातली सर्वांत जुनी आरोग्यविमा व्यवस्था ही. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात पती-पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात. खासगी पॉलिसीसारखी जुन्या आजाराची प्रतीक्षा इथे नाही. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. ईएसआय दवाखान्यांतल्या गर्दीबद्दल तक्रारी आहेत आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्याही आहेत. तरीही डायलिसिस किंवा कर्करोगासारख्या दीर्घ उपचारात या कार्डाइतका आधार कोणतीही स्वस्त पॉलिसी देत नाही.

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. पाच वर्षांपेक्षा जास्त वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या घराला चार लाखांचे संरक्षण तीत मिळते.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी, जरी ती विमा नसली तरी. महाराष्ट्रातल्या कित्येक मोठ्या, चकचकीत रुग्णालयांची नोंदणी धर्मादाय न्यास म्हणून झालेली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्याच लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून दोन टक्क्यांचा निधीही बाजूला काढावा लागतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचे असते. हा उपकार नव्हे. करसवलतींच्या मोबदल्यात रुग्णालयाने पत्करलेली ती जबाबदारी आहे, आणि रुग्णाने ती ताठ मानेने मागावी.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो खासगी पॉलिसीचा. सरकारी योजनेत आवडीचे रुग्णालय नसेल, नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपणार असेल, तर स्वतःची पॉलिसी हवीच. ग्रुप मेडिक्लेम ही उत्तम सोय आहे. त्यात बहुधा जुने आजारही पहिल्या दिवसापासून येतात. पण ती कंपनीची पॉलिसी आहे, घराची नव्हे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन, गुडघे आणि रक्तदाब घेऊन पहिल्यांदा विम्याच्या दारात उभे राहणारा माणूस सर्वांत अडचणीत असतो. नोकरीची पॉलिसी चालू असतानाच, तिशीत, एक छोटी स्वतंत्र पॉलिसी सुरू करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आपल्याकडे मेडिक्लेम आला १९८६ मध्ये, चार सरकारी कंपन्यांमार्फत. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि पर्यायांबरोबर गोंधळही वाढला. तो आवरण्यासाठी विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही एकसारखी पॉलिसी प्रत्येक कंपनीला विकायला लावली. नाव तेच, अटी त्याच, फक्त हप्ता वेगळा. पहिली पॉलिसी घेणाऱ्याने तिचा कागद वाचावाच, घेतली नाही तरी. खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. अतिदक्षता विभाग पाच टक्के, कमाल १०,०००. मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातले जे कमी ते. आणि प्रत्येक क्लेममध्ये पाच टक्के वाटा पेशंटचा, म्हणजे को-पे. कोणत्याही पॉलिसीत काय काय शोधायचे असते, याचा हा नमुनाच आहे. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या खोल्यांचे दर पाहता, शक्य असेल तर खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, मग विमा रक्कम थोडी कमी घ्यावी लागली तरी चालेल.

पॉलिसी घेतली की सगळे लगेच लागू होत नाही. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस बाहेर असतात. हर्निया, मूळव्याध, खडे, मोतीबिंदू, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया अशा ठरलेल्या यादीसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची. २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. त्याच नियमांनी ६५ च्या पुढे पॉलिसी न देण्याची जुनी वहिवाट मोडली. पैसे भरून मुदत विकत घेता येत नाही, ती फक्त लवकर सुरू करता येते.

पॉलिसी घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्मशी मात्र जरा थांबू. घरोघरी तो भरतो एजंट, आणि भरतो चहा पिता पिता. ‘काही आजार?’ ‘तसं काही नाही, थोडं बीपी आहे.’ ‘ते चालतं, लिहायची गरज नाही.’ खालच्या ओळीवर सही होते. चार वर्षांनी त्याच माणसाला छातीत दुखू लागते, रात्री अकरा वाजता त्याला भरती करतात, आणि ड्युटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, ‘बीपी कधीपासून?’ बायको घाबरलेली, ती सांगते, ‘दहा वर्षं झाली असतील.’ केसपेपरवर ते तसेच उतरते. क्लेम तपासणारा पहिल्यांदा शोधतो ती हीच ओळ. फॉर्ममध्ये ‘नाही’, केसपेपरवर ‘दहा वर्षे’. क्लेम अडकतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचले तर हा विषय लख्ख होतो. २००९ च्या निकालात विमाधारकाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार सांगितला नव्हता. न्यायालयाने म्हटले की जोखीम ठरवताना महत्त्वाची असलेली माहिती खरी देणे बंधनकारक आहे, आणि क्लेम नाकारणे योग्य ठरवले. २०२१ च्या प्रकरणात अमेरिकेला निघालेल्या गृहस्थाने प्रवासी मेडिक्लेम घेताना मधुमेह सांगितला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा त्रास झाला, तीन स्टेंट बसवावे लागले, आणि कंपनीने जुन्या आजाराचे कारण देऊन हात वर केले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने कंपनीला चूक ठरवले. माणसाची प्रकृती तपासून, त्याने सांगितलेला आजार माहीत असून पॉलिसी दिली असेल, तर नंतर तोच आजार पुढे करता येत नाही. लपवलेला आजार कंपनीच्या हाती हत्यार देतो आणि सांगितलेला आजार ग्राहकाच्या हाती. हप्ता थोडा वाढेल, कदाचित एखादी कंपनी नाही म्हणेल. तरीही खरेच लिहावे, आणि फॉर्म स्वतःच्या हाताने भरावा.

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचे कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी याला अपवाद आहे. ही मुदत पूर्वी आठ वर्षे होती. म्हणून नूतनीकरण चुकवू नये. कंपनी नको वाटली तर पॉलिसी बंद करून नवी घेऊ नये, पोर्ट करावी. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज केला तर भोगलेली प्रतीक्षा मुदत नव्या कंपनीत मोजली जाते. ही सोय ऑक्टोबर २०११ पासून आहे आणि अजूनही कमी वापरली जाते.

कुटुंबाची एकत्र पॉलिसी, म्हणजे फॅमिली फ्लोटर, पती-पत्नी आणि मुलांसाठी चांगली. आईवडिलांना तीत घालू नये. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि वडिलांच्या एका आजारपणात सगळ्यांची रक्कम संपून जाऊ शकते. त्यांच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. परदेशात असलेल्या मुलांनी इथल्या आईवडिलांची पॉलिसी काढताना हप्ता ऑनलाइन भरून थांबू नये. भरतीच्या रात्री टीपीएच्या खिडकीशी उभा राहील असा इथला एक माणूस ठरवून, त्याच्याकडे पॉलिसीची प्रत आणि कार्ड देऊन ठेवावे.

रक्कम किती घ्यावी? मूळ पॉलिसी पाच लाखांची आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, ही जोडी बहुतेक घरांना परवडते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत होऊ देऊ नये. एका वर्षात चार लाख आणि तीन लाख अशी दोन आजारपणे आली आणि वजावट, म्हणजे टॉप-अप लागू होण्याआधीची आपल्या वाट्याची रक्कम, पाच लाखांची असेल, तर साधा टॉप-अप एक पैसाही देत नाही, कारण एकही बिल पाच लाखांच्या वर गेलेले नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, सात लाखांतून पाच वजा करतो आणि दोन लाख देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे, तेव्हा पूर्वी हप्त्यामुळे लांबणीवर टाकलेला हा हिशेब पुन्हा मांडण्यासारखा आहे.

पॉलिसी हातात आली की तीस दिवसांत न पटल्यास परत करता येते. ते तीस दिवस कपाटात जाऊ देऊ नयेत. सोबत ग्राहक माहिती पत्रक असते आणि मागितले तर ते मराठीतही मिळायला हवे. त्यातल्या मर्यादा, को-पे आणि प्रतीक्षा मुदती एका कागदावर उतरवून तो कागद घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवावा. प्रपोजल फॉर्मची प्रतही तपासावी. आपण सांगितलेले तसेच छापले आहे का, हे पाहण्याची हीच वेळ.

भरतीच्या वेळी कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, आणि डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाची मागणी आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असे मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. उशिरामुळे रुग्णालयाने जास्त पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. क्लेम नाकारण्याचा निर्णय एकट्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, कंपनीच्या आढावा समितीची मान्यता लागते. नकार लेखी आणि पॉलिसीतल्या कलमासह मागावा. तोंडी नकाराला काही किंमत नाही.

नकार आला म्हणून गप्प बसणारे लोक फार आहेत, आणि याचेच सर्वांत वाईट वाटते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटण्यासारखे नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहकाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता त्याला मोकळाच राहतो. लोकपालाकडची तक्रार मात्र कंपनीचा अंतिम नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत करावी लागते, म्हणून नकाराच्या पत्रावरची तारीख आणि ते पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट, दोन्ही जपून ठेवा.